पाचवीच्या बाई

हिंदी मुलखातल्या बीरगावच्या आमच्या शाळेत पाचवीला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. हजेरी घेताना त्या प्रत्येक मुलाला विचारतात, "आज मन कैसा है?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. रागावल्या की त्यांचा आवाज आणखीच हळू होतो.

एके दिवशी बस्तरहून आलेली एक मुलगी उत्तराऐवजी रडायलाच लागली. बाकावरच्या शेजारणीनं तिला 'काली, जंगली' म्हणत बाक बदलला होता. आता ही रडणारी मुलगी शाळाच नको म्हणत होती.

"हिला दुसऱ्या वर्गात पाठवू," रडणं ऐकून आलेले मुख्याध्यापक म्हणाले.

"ती काहून जाईल, सर? तिनं काय केलं?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

बाईंच्या जागी मी असतो तर त्या शेजारणीवर ओरडलोच असतो. बाई मात्र त्या शेजारणीलाच घेऊन व्हरांड्यात बसल्या. "तुझे किसी ने ऐसा कहा है?"

ती पुटपुटली, "दादी कहती है. काली."

"तब कैसा लगा?"

"घर जाने का मन नहीं हुआ."

"उसका स्कूल आने का मन नहीं हो रहा," एवढंच बोलून बाई उठल्या.

पोरगीही उठली. मग वर्गात जाऊन तिनं दप्तर उचललं आणि जुन्या बाकापाशी उभी राहिली.

"बैठ जाऊँ?"

बस्तरच्या मुलीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग सरकून जागा दिली.