जेलस की एन्व्हियस?

तुम्हाला वाटलं असेल, जेलसीचा किस्सा म्हणजे पोरगी असणार. नाय हो, हा किस्सा गण्याचा.

काल माझ्या नव्या बाइकच्या फोटोखाली मावसबहिणीने 'सो जेलस' लिहिलं आणि मी थेट नववीच्या वर्गात पोचलो. बाहेर कापड विणणाऱ्या लूमची खटखट, आत खडूची धूळ.

एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढून मी वर्ग हसवायचो. सगळ्यात जोरात हसायचा माझ्या बेंचवरचा गण्या. मग वळ गावाहून रुपेश आमच्या वर्गात आला. तो तर कंडक्टर, लूमवाले चाचा, बंद पडणारी रिक्षा, सगळंच काढायचा. आठवड्यात गण्या त्याच्या बेंचवर!

इंग्रजीच्या मॅडमनी सांगितलं, "दुसऱ्याचं आपल्याला हवंसं वाटतं, ती एन्व्ही. आपलं दुसरा नेईल म्हणून जळतो, ती जेलसी. उदाहरण कोण देतंय?"

मी उठलो आणि मॅडमच्याच नाकातल्या आवाजात बोललो, "रुपेशसारखे आवाज मला पायजेत, ही एन्व्ही. गण्या त्याच्याजवळ बसतो, ही जेलसी."

कोणीच हसलं नाय. गण्याने मान खाली घातली. आज हसू येतं, तेव्हा नाय.

मॅडम कडाडल्या, "उदाहरण बरोबर आहे! पण एवढं खरं बोलायचं होतं, तर स्वतःच्या आवाजात बोलायचं ना, गाढवा!"