कुणीच न वाजवलेली धून

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझे एक सहकारी शेजारी बसत, इअरफोन लावून, बोटांनी मांडीवर ठेका धरत. युगांडातलं लाकडी पट्ट्यांचं वाद्य ऐकत.

"एक वादक डाव्या कानात, एक उजव्यात," ते सांगत, "आणि दोघांच्या मधून तिसरीच धून ऐकू येते. ती वाजवत कुणीच नसतं."

गेल्या वर्षी आजारपणानंतर त्यांना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. कामावर परतल्यावर ते नुसते खिडकीबाहेर बघत असत. मग एका सकाळी त्यांनी दोन्ही इअरफोन माझ्या हातात दिले.

"तिसरी ऐकू येतेय का, बघा."

बऱ्याच वेळाने ती मला सापडली.

"येतेय," मी म्हणाले.

"गुणगुणा ना जरा."

मी गुणगुणले. उजवा कान माझ्याकडे करून ते ऐकत राहिले.

"मला वेगळी ऐकू यायची," ते म्हणाले. "पण थांबू नका. तुमची ऐकू दे."