मागच्या सीटवरचं वजन

सायकलवर मागं बसलेलं माणूस दिसत नाही, त्याचं वजन तेवढं कळतं. मी कोल्हापुरात उभी हयात सायकलला सिलिंडरं लटकावून घरोघरी गॅस पोचवला. भरलेलं कुठल्या बाजूला, रिकामं कुठल्या, दोरी सैल झालीय का, हे मान न वळवता समजायचं. रस्त्यातले लोक घाबरून बाजूला व्हायचे. मी नाही घाबरलो कधी. भीती म्हणजे काय ते मला म्हातारपणी कळलं, नेदरलँडमध्ये, मास नदीच्या काठानं सायकल चालवताना. तेव्हा मागं बायको होती.

ती गेल्या थंडीत कोल्हापुरात गेली, आणि मुलानं मला इकडं नेदरलँडला आणलं. सून म्हणते, बाबा, आठवतंय ते लिहून काढा, हलकं वाटेल. हलकंबिलकं काही वाटत नाही. पण लिहितोय. चौथी शिकलेला माणूस मी, बोलतो तसंच लिहिणार.

मुलगा इथं बेस्ट नावाच्या गावात राहतो, आइंडहोवन शहराच्या शेजारी. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी आलो होतो. मुलगा-सून दिवसभर कामावर, नातू शाळेत. ही खिडकीपाशी बसून रस्ता बघायची. इथं शाळेतल्या पोरीपासून काठी लागणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळ्या सायकलवर. हिला कधी सायकल आली नाही. जन्मभर माझ्या कॅरिअरवर बसली. आणि बसल्या बसल्या मला टोमणा, "लग्नाच्या वेळी म्हणाला होतात, सायकलवरून सगळं जग दाखवीन. रंकाळ्याच्या पुढं नाही गेलात."

मी असलं काही म्हणालो नव्हतो. पण मुलानं ते ऐकलं आणि मनावर घेतलं. त्यानं टँडेम भाड्यानं घेतली, म्हणजे दोघांनी मिळून मारायची लांब सायकल, पुढं एक सीट, मागं एक, दोघांना पायडल, चढाला बॅटरीचा जोर. वेन्लोपर्यंत ट्रेननं जायचं, तिथून नदी धरून चार दिवस खाली, देन बॉस गावापर्यंत. मुक्कामाच्या खोल्या त्यानंच ठरवल्या. ती लहान पोरीसारखी नाचत होती. मला रात्री झोप लागेना.

कारण हिला साखरेचा आजार. गोळी घेतली की वेळेवर खायलाच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जायची. मी एकदा घरात बघितलं होतं, कणीक मळता मळता परातीवर आडवी झाली होती. घरात ठीक आहे, शेजारीपाजारी असतात. नदीकाठावर कोण?

त्यात तिची संकष्टी. दर महिन्याला कडक उपास, नुसतं पाणी आणि बिनसाखरेचा चहा, चंद्र बघितल्याशिवाय घास नाही. कोल्हापुरात चंद्र तसा वेळेत उगवतो. इथं उन्हाळ्यात सूर्यच मावळायचं नाव घेत नाही, चंद्र मध्यरात्रीकडं येतो. आधीच्या महिन्यात ती तशीच बसून राहिली होती, ओठ पांढरे पडले तरी. मुलगा तिला फार बोलला. परत असलं करायचं नाही, म्हणाला. ती म्हणाली, "बरं." मुलाला वाटलं, ऐकलं.

पहिले दोन दिवस नीट गेले. माझ्या जिवाला घोर होताच. जागोजागी सायकली आणि गाड्या पलीकडं नेणारी चपटी बोट असते, तिच्यावर चढलो की मी दोन्ही ब्रेक दाबून उभा राहायचो आणि ही कठड्यावरून वाकून पाणी बघायची. मी ओरडलो की म्हणायची, "तुम्ही सिलिंडर धरून बसा." दर थोड्या वेळानं मी न बघता विचारायचो, बिस्कीट खाल्लंस का, पाणी प्यालीस का. मागून उत्तर यायचं. उत्तर आलं की मी पुढचं मैलभर श्वास घ्यायचो.

तिसऱ्या दिवशी रस्ता बांधावर चढला. इथल्या नद्यांना दोन्हीकडं मातीचे उंच बांध घातलेत, वर सायकलचा रस्ता. एका अंगाला उतार आणि नदी, दुसऱ्या अंगाला उतार आणि मेंढरं. झाड नाही, आडोसा नाही. वारा समोरून. सकाळी मी बाहेर सामान बांधत होतो, ही आतून आली आणि म्हणाली, न्याहारी झाली, चला. दुपारी आभाळ भरून आलं. ती म्हणाली थांबू नका, भिजू, मी चालत्या सायकलवरच खाते. मी माझ्या पिशवीतला पाव हात मागं करून दिला. थोड्या वेळानं मागं बदकं-हंसांचा एकच कालवा झाला. मी विचारलं, काय गं? ती हसली. म्हणाली, "खातेय मी. पुढं बघा."

त्या पावाचं काय झालं ते मला नंतर समजलं.

पुढं गेलो आणि सायकल जड झाली. आधी वाटलं वारा. मग लक्षात आलं, मागचे पाय नुसते फिरताहेत, जोर नाही. मी हाक मारली. "हं," म्हणाली. परत मारली. काहीच नाही. आणि सायकल नदीच्या बाजूला ओढायला लागली. दोरी सैल झालेलं सिलिंडर ओढतं ना, अगदी तशी.

मला मागं बघता येईना. मान वळवली तर हँडल वळणार. एकदम ब्रेक मारला तर ती उडणार, आणि उडणार ती पाण्याकडंच. एक हात मी मागं घातला. तिच्या जाकिटाची बाही हाताला लागली ती मुठीत धरली. दुसऱ्या हातानं हळूहळू ब्रेक. देवाचं नावसुद्धा आठवेना. फक्त एवढंच, की मेंढरांच्या बाजूला पडायचं. मेंढरांच्या बाजूला. वेग अगदी मेला तेव्हा मी सायकल तिकडं झुकवली आणि आम्ही गवतात पडलो, मी खाली, ती वर, सायकल दोघांच्या पायांवर.

ती घामानं भिजली होती आणि हात बर्फासारखे. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते. मुलानं ग्लुकोजची पुडी दिली होती, ती मी दातानं फोडून बाटलीच्या पाण्यात घातली. अर्धी गवतात सांडली. बाटली तिच्या तोंडाला लावली तर तिनं दात घट्ट मिटले. मी गाल दाबले, हनुवटी धरली. ती तोंड फिरवायची. बेशुद्ध माणसात एवढा जोर कुठून येतो कळेना. पाणी नुसतं गळ्यावरून वाहून जायचं.

समोरून एक डच म्हातारी सायकलवर आली. उतरली, गुडघ्यावर बसली, काहीतरी विचारायला लागली. मी मराठीतच सांगत सुटलो. मधे "शुगर, शुगर" म्हणालो तेवढं तिला कळलं. तिनं फोन काढला, दुसऱ्या हातानं हिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

तेव्हा ही पुटपुटली. मी कान लावला.

"चंद्र उगवला का?"

त्या दिवशी संकष्टी होती. न्याहारी नाही, पाव हंसांना, सकाळची गोळी मात्र घेतलेली. मी समजावायला लागलो, अगं मरशील, देव काही म्हणणार नाही. ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ती परत तेच. दात मिटलेलेच. तिचा श्वास घरघरायला लागला आणि मला स्वच्छ दिसलं, ही इथंच जाणार. परक्या मुलखात, मेंढरांच्या लेंड्यांत, माझ्या हातावर.

मी वर बोट केलं. "उगवला गं. तो बघ, बांधावर आलाय. नमस्कार कर आणि पी."

म्हातारीनंसुद्धा मी दाखवलं तिकडं वर बघितलं. वर काळे ढग होते.

हिचे दोन्ही हात छातीशी आले. जुळले नाहीत, पण आले. आणि तिनं तोंड उघडलं.

मी घोटघोट पाजलं. ठसकली की थांबायचो, परत पाजायचो. म्हातारी तिच्या केसांवरून हात फिरवत होती. ॲम्ब्युलन्स बांधावरून येईपर्यंत हिचे डोळे माझ्याकडं बघायला लागले होते. त्यांनी बोट टोचलं, सुई दिली, बराच वेळ बसवून ठेवलं. मग म्हणाले घरी न्या, पण एकटं सोडू नका. मुलगा गाडी घेऊन आला. टँडेम त्या म्हातारीच्या अंगणात ठेवली.

गाडीत ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. मला वाटलं झोपली. मी नाकापुढं बोट धरून बघितलं. डोळे न उघडता म्हणाली, "जिवंत आहे. उगवला नव्हता ना?"

"नव्हता."

"खोटं बोललात."

"बोललो. पाप लागायचं ते मला लागू दे."

तिनं खांद्यावरून डोकं उचललं. मग म्हणाली, "तुम्हाला लागून कसं चालेल? तुम्हाला सिलिंडरांसकट ट्रकनं उडवलं त्या वर्षापासून धरलाय उपास. तुमच्यासाठीच तर आहे तो."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं मुलासाठी असेल. पुढं गाडी चालवणाऱ्या मुलानं आरशातून आमच्याकडं बघितलं आणि रस्त्याकडं नजर लावली.

त्यानंतर भीती माझ्या अंगातून गेलीच नाही. कोल्हापूरला परतल्यावरही ती मोरीत गेली की मी दाराबाहेरून बोलत राहायचो. ती वैतागायची, नळाचा आवाज मोठा करायची. साखरेनं मूत्रपिंडं खाल्ली. थंडीत दवाखान्यात ठेवलं, आणि शेवटी शेवटी ती काही घेईना. नर्स दमली, मुलगा इथून उडून आलेला, तोही दमला. पेजेची वाटी त्यानं माझ्या हातात दिली.

दिवस होता. खिडकीत ऊन होतं. मी चमचा तिच्या ओठाला लावला. दात मिटलेले. मी वाकून कानात म्हणालो, "उगवला गं चंद्र. घे एक घोट."

तिनं डोळे उघडले. खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या दिवशी बांधावर नव्हती तेवढी शुद्धीत होती.

"तुमचा चंद्र मला ठाऊक आहे," म्हणाली, आणि हसली.

मी चमचा परत वाटीत ठेवला आणि तिचा हात धरून बसलो.