जित्या माणसाचं नाव

मी शाळेतला बाबू. दुसऱ्यांचे फॉर्म भरण्यात माझी हयात गेली. गोंडपिपरीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख त्यांच्यापेक्षा मला नीट ठाऊक. अशा माणसाने स्वतःच्या ओसरीवर बसून, चहा पीत पीत चुकीचा फॉर्म भरावा आणि वर सहीखाली झोकदार रेघही ओढावी, याला काय म्हणावं!

झालं असं, की मतदारयादी तपासायला अंगणवाडीच्या बाई घरोघरी फिरत होत्या. आमच्या घरच्या नावांत माझ्या धाकट्या बहिणीचंही नाव होतं. ती नर्स. वीस वर्षांपूर्वी परदेशात गेली, तिथेच रमली, पुढे तिथला पासपोर्टही घेतला. बाईंनी विचारलं, "ताई इथीच राह्यते न?"

माय आत तांदूळ निवडत होती, पण कान बाहेर. आमच्या घरी माणसाचं नाव एकदाच कमी होतं, तेरवी झाल्यावर. रेशनकार्डावरचं बाबांचं नाव कमी करून आलो त्या दिवशी माय जेवली नव्हती. मी म्हटलं, "राह्यते न. आता गेली हाये, येते." आणि बहिणीच्या वतीने सही ठोकली. ही व्यक्ती भारताची नागरिक आहे असं मी जाहीर करतो, असं सहीच्या वर छापलं होतं. ते मी वाचलंच नाही. वाचल्याशिवाय सही करू नका, हे मी शाळेत येणाऱ्या पालकांना रोज सांगतो.

दिवाळीत बहीण आली. मायची औषधाची चिठ्ठी शोधताना कपाटात तिला त्या फॉर्मची पोच सापडली. वाचली आणि पलंगावर बसलीच.

"भाऊ, हे काऊन केलं?"

"काय केलं? तुह्याजवळ ते कार्ड नाई का?"

तिने पर्समधून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड. त्यावर तिला जन्मभर इथे येता येतं, हवं तितकं राहता येतं. मत मात्र देता येत नाही, कारण ती आता इथली नागरिक नाही. आणि यादीत खोटेपणा सापडला तर कार्ड जाऊ शकतं.

"मंग विमानतळावरूनच वापस पाठवतीन मले," ती म्हणाली. "माय हाये तोवर मले येता आलं पाह्यजे, भाऊ. बाकी काई नको." मग हळूच विचारलं, "माह्या नावानं कोणी मत तं नाई टाकलं?"

"नाई बा. माहंच मी कसंबसं टाकतो."

ती हसली नाही. आत माय तिला हाक मारत होती. मायला साखरेचा आजार, पायाची जखम भरत नाही, आणि पट्टी बांधायची तर लेकीनेच.

त्या दिवसापासून भीती आमच्या घरी मुक्कामाला आली. दारात मोटरसायकल थांबली की मी आधी पाय पाहायचो. चप्पल असली तर आपला माणूस, बूट असले तर पोलीस. एकदा खरंच बूट निघाले. मी अंगणात हात जोडून उभा. तो विमावाला होता. घाबरून मी त्याला पाणी दिलं आणि पॉलिसीही घेतली.

शेवटी तहसीलमध्ये जाऊन नाव वगळण्याचा अर्ज आणला. कारणांचे रकाने होते. मी म्हटलं, "स्थलांतरावर खूण कर, लफडं नाई."

"आता अजून खोटं नको, भाऊ." तिने 'भारताचा नागरिक नाही' यावर खूण केली. तिचा हात स्थिर होता, इंजेक्शन देणारा हात. मायला काही सांगितलं नाही.

तहसीलच्या बाबूने अर्ज पाहिला, मग आम्हाला पाहिलं. "इतके दिवस काऊन नाई केलं?"

"भावाची चूक झाली जी," बहीण म्हणाली.

त्याने कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही. ते न दिसलेलं अक्षर मी पुढे कितीतरी महिने वाचत होतो.

चैत्रात मायची जखम चिघळली आणि बहीण तिकडून पुन्हा निघाली. विमान हैदराबादला सकाळीच उतरलं, हे मोबाईलवर दिसलं. फोन मात्र नाही. तास गेला, दोन गेले. माय विचारायची, "आली का?" मी सांगायचो, "सामान येऊन राह्यलं." असं चारदा सांगितलं. पाचव्यांदा फोन घेऊन बाहेर पायरीकडे गेलो.

मग फोन वाजला. "भाऊ, बाहेर आली मी."

विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीवरच्या साहेबाने कार्ड उलटसुलट पाहिलं, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, उठून आत गेला, खूप वेळाने आला आणि शिक्का मारला. आत काऊन गेला होता, हे त्याने सांगितलं नाही, हिने विचारलं नाही.

मी पायरीवरच बसलो. बायको अंगणात मायच्या धुतलेल्या पट्ट्या वाळत घालत होती. तिला म्हटलं, जित्या माणसाचं नाव कमी करताना जीव कसा होतो, ते मलाच माहीत.

तिने एक पट्टी झटकली. "माहं नाव तं लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात, माहेरच्या रेशनकार्डावरून, तुम्ही सोता कोरपन्याले जाऊन कमी करून आणलं होतं," ती म्हणाली. "तवा तं येताना पेढे आणले होते तुम्ही."