पिंपात भिजवलेला बांबू

बहिणीचे दिवस भरत आले होते, म्हणून मी बाळासाठी झबली शिवायची ठरवली. पर्वत पाटियाजवळच्या गुजराती दुकानदाराने एक कापड पुढे टाकलं. सायीसारखं मऊ.

"बेन, बांबूचं आहे. एकदम नॅचरल, पर्यावरणाला चांगलं."

गोडादऱ्याला घरी आले, तर सासूबाईंनी ते गालाला लावून पाहिलं. "हाई बांबूनं शे?" असं अहिराणीत विचारून त्या हसायलाच लागल्या. खानदेशात त्यांचा जन्म टोपल्या-सुपं वापरण्यात गेलेला. बोटात कुसळ घुसवणारा बांबू असा मऊ होईल, हे त्यांना पटेना.

"आपण करून बघू," त्या म्हणाल्या.

टोपल्या विणणाऱ्यांकडून हिरवे तुकडे आणले, चिरले आणि गच्चीवरच्या पिंपात भिजत घातले. काही दिवसांत असा वास सुटला की खालच्या वहिनी नाकाला पदर लावून वर आल्या. भांडायला आलेल्या त्या धोपटणं घेऊन आमच्यातच बसल्या. तिघींनी तो बांबू झोडपला. हात भरून आले आणि निघाले ते काथ्यासारखे राठ दोरे. सासूबाईंनी त्यातला एक माझ्या गालावर घासला.

"घे, घाल बाळाला."

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझे यजमान पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहेत. संध्याकाळी ते आले आणि पिंपात डोकावून तेही हसले.

"अगं, त्या मऊ कापडासाठी बांबूचा लगदा करतात. तो केमिकलमध्ये विरघळवतात आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसा बारीक भोकांतून धागा काढतात."

"म्हणजे पर्यावरणाला चांगलं नाही?"

"बांबू चांगलाच. कापला तरी पुन्हा फुटतो, फवारणीही फारशी लागत नाही. पण ते केमिकल कारखाना पुन्हा वापरतो की नाल्यात सोडतो, त्यावर सगळं आलं."

पुढच्या खेपेला मी दुकानदाराला तेच विचारलं. त्याने माझ्यासमोर व्यापाऱ्याला फोन लावला. त्यालाही माहीत नव्हतं. "आजवर कोणी विचारलंच नाही, बेन," दुकानदार म्हणाला. "आता माल घेताना विचारत जाईन." मला बरं वाटलं.

आणलेलं कापड वाया घालवायचं नव्हतं. झबली शिवली, उरलेल्या चिंध्यांची टोपडी केली.

बहिणीला मुलगी झाली. बारशाला बायका ते झबलं हातात घेऊन बघू लागल्या. कशाचं आहे, असं कोणीतरी विचारलं आणि सासूबाई सावरून बसल्या. पिंप, वास, धोपटणं, सगळं त्यांनी हातवारे करत सांगितलं. बायका इतक्या हसल्या की पाळण्यातली मुलगी जागी झाली आणि रडायचं सोडून आमच्याकडे टकामका बघत राहिली.