कट म्हणायचं राहिलं

झरीच्या मनिषला सिनेमा काढायचा होता. वारली पाड्यावरच्या पोराने असलं डोक्यात घेऊ नये, असं कुठे लिहिलेलं नाही. मुंबईत मात्र लोकांनी त्याला वर्षानुवर्षं वायरी गुंडाळायला लावल्या. डायरेक्टर व्हायचंय म्हटलं की हसायचे आणि चहा आणायला पिटाळायचे. शेवटी वैतागून तो घरी आला आणि आपलीच माणसं घेऊन, आपल्याच बोलीत पहिला सिनेमा सुरू केला.

सिनेमात एक लग्न होतं. नवरी झाली शेजारची वर्षा, नवरा झाला तलासरीचा रिक्षावाला नविन. गाण्यासाठी मनिषने रखमीमावशीला बोलावलं. रखमी धवलेरी, पाड्यावरची लग्नं तीच गाऊन लावते. तिने आधीच बजावलं होतं, भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिला आणि गाणं पुरं झालं, की देव आले आणि लग्न लागलं. मनिष म्हणाला, दोनच ओळी घेतो, मग कट म्हणतो.

चौक मात्र त्याने खराखुरा लिहून घेतला. खोटी भिंत त्याला चालणार नव्हती. रखमीने सूर लावला. दारातलं ऊन नेमकं वर्षाच्या कपाळावर आलं. असला शॉट जन्मात एकदा मिळतो. हावरटपणा, दुसरं काय. कट ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. रखमी गाणं पुरं करूनच उठली.

वर्षाची सोयरीक विवळवेढ्याला ठरलेली होती. तिकडून लगेच निरोप आला, लागलेल्या लग्नाची पोर आम्हाला नको. नविनला घरी बायको होती, तिने वेगळाच शिमगा केला.

तरी मनिषने सिनेमा पुरा केला. पुण्याच्या एका महोत्सवाने तो घेतला, तोही त्या लग्नासाठीच. ते कळलं तसा वर्षाचा बाप, बारक्या, मनिषच्या दारात येऊन उभा राहिला. आवाजसुद्धा चढवला नाही त्याने.

"एकदा लावलंस ते लावलंस. आता काय दर शोला लावणार माझ्या पोरीचं?"

यातून सोडवणारी एकच होती. मनिष रखमीच्या पाया पडला, ते नुसतं शूटिंग होतं एवढं चारचौघांत सांग म्हणाला.

"तुझ्या आयशीचं लग्नही मीच गायलंय," रखमी म्हणाली. "तेही खोटं म्हणू?"

मनिषने लग्न कापून सिनेमा पाहिला. उरलं त्यात जीव नव्हता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. सिनेमा देत नाही, असं त्याने पुण्याला कळवलं. पुन्हा कुणी विचारलं नाही. वर्षाला दुसरी सोयरीक आली नाही. ती उंबरगावला कंपनीत जाते, आणि मनिष समोरून आला की रस्ता बदलते.

तो आता तलासरीत लग्नाच्या ऑर्डरी घेतो. हळद, नाच, जेवणावळ, सगळं टिपतो. धवलेरीने तोंड उघडलं की कॅमेरा खाली. परवा नवरीचा भाऊ चिडला, "भाई, मेन तेच होतं ना."

मनिष म्हणाला, बॅटरी गेली.