तळाची मिरची

१६ फेब्रुवारी २००१. दुसऱ्या दिवशी यंत्र दाखवायचं होतं म्हणून मी चाळणी घासत बसले होते. बाजारातल्या ओळखीचे काका माझ्या शेडमध्ये आले आणि नमस्काराच्या आधी त्यांनी माझ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढली. कुठेही गेले तरी ते हेच करत. "वरचा माल समदेच दाखवतेत," म्हणत.

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ते तीस वर्षं मिरचीचा लिलाव पुकारत होते. व्यापारी जमले की पोतं स्वतःच उलटं करत, तळाचा डागी माल सगळ्यांसमोर आणत आणि मगच पुकारा सुरू. शेतकरी चिडायचे. पण काकांनी पुकारलेल्या ढिगावर नंतर कुणी तक्रार घेऊन आलेलं मी पाहिलं नाही.

माझं यंत्र सुक्या मिरचीचे देठ काढायचं. पुण्याहून तिघे गुंतवणूकदार जालन्याला येणार होते. त्यांनी कंपनीत हिस्सा घेतला तर पुढची यंत्रं होणार होती, नाहीतर शेडला कुलूप. माझ्या दोघा कारागिरांपैकी एकाला, टर्नरला, वाळूजच्या कारखान्यातून बोलावणंही आलं होतं.

मी काकांना समोर बसवून भाषणाची तालीम केली. सोळा पारदर्शिका होत्या. चौथीला ते उठले आणि दाराकडे निघाले.

"काका, कुठं?"

"गिऱ्हाईक चाललं, ताई. तुमी बोलूनच राह्यल्या."

"अजून यंत्र यायचंय."

"कितव्या कागदावर?"

"नवव्या."

"अन् देठ तोडून बायांची बोटं जळतेत, ते?"

ते कुठेच नव्हतं. काका परत येऊन बसले आणि त्यांनी मूठ उघडली. "ही समदी जाड मिरची हाय. बारीक कुठंय?"

बारीक मिरची यंत्रात फाटायची. म्हणून मी ती आणलीच नव्हती.

"काका, ते पैसे लावणारे लोक आहेत, मिरची घेणारे नाहीत."

"मंग त्यांचा हात जास्तच खोल जातो."

मला राग आला होता, तरी संध्याकाळी बारीक मिरचीचं एक पोतं मागवलं. काका म्हणाले, "उद्या मी बी येतो, मागं बसतो."

दुसऱ्या दिवशी जालन्यातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये मी पहिली पारदर्शिका लावलीच नाही. सरळ यंत्र सुरू केलं. खिडक्या बंद होत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मिनिटभरात पुण्याचे तिघे शिंकायला लागले, वेटर खोकत पळाला. मॅनेजर ओरडला, "बाई, बंद करा आधी!" मला वाटलं, संपलं.

काका मात्र पोतं ओढत बाहेर निघाले होते. आम्ही यंत्र आवारात आणलं, वॉचमनच्या खोलीतून वायर घेतली. डोळे पुसत ते तिघे मिरचीभोवती उभे राहिले. काका माझ्या कानाशी म्हणाले, "ढिगाभवती उभे हायेत. आता बोला, जल्दी."

मी बायांच्या बोटांपासून सुरुवात केली. जाड मिरची टाकली, देठ साफ निघाले. मग बारीक टाकली. बरीच फाटली. "हे अजून जमत नाही," मी म्हणाले.

तिघांतल्या बाईंनी फाटलेली मिरची उचलून पाहिली. "जमवायला काय लागेल?"

"एक हंगाम, आणि माझा टर्नर वाळूजला न जाणं."

त्या हसल्या आणि पुन्हा शिंकल्या. पाऊण तास ते तिथून हलले नाहीत.

आठव्या दिवशी होकाराचा फोन आला. मी पेढे घेऊन पिंपळगावला गेले. लिलावाच्या ओट्यावर दुसराच माणूस पुकारत होता. "काकाचा दम लई वाढला," तो म्हणाला. "डाक्टरनं मिरचीचं तोंड पाहू न्हाई म्हणून सांगितलं. लेकीकडं गेले, घनसावंगीला." तीस वर्षं ती धूळ त्यांच्या छातीत गेली होती. ते खोकायचे तेव्हा मी "पाणी घ्या" एवढंच म्हणायचे.

पेढे तिथेच हमालांना वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्नरला बोलावलं आणि सांगितलं, बारीक मिरचीचं नंतर पाहू. आधी यंत्राला असं झाकण बसव, की धूळ बाहेर यायला नको. मग मापं घ्यायला मीच टेपचं दुसरं टोक धरलं.